पन्नाशीनंतर लागलेली हळद

माझा उजवा गुडघा दुखतो ही बातमी मी घराबाहेर जाऊ द्यायला नको होती. पण डमडम मेट्रो स्टेशनचा जिना उतरताना एकदा मी कठडा धरला आणि नेमकं ते आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या श्यामसुंदर घोषालबाबूंनी पाहिलं. कोलकात्यात माणसाची प्रकृती ही त्याची खासगी मालमत्ता नसते, ती सगळ्या गल्लीची असते. संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीत मला संधिवात, मणक्याचा विकार आणि पोटातला जुना गॅस गुडघ्यात उतरणं असे वेगवेगळे आजार झालेले होते. गॅस गुडघ्यात उतरतो हे मला इथे आल्यावर कळलं. पुण्यात तो इतका फिरत नाही.

मी दत्तात्रय वाळिंबे, एका सरकारी बँकेच्या पूर्व विभागात जोखीम व्यवस्थापनाचा प्रमुख. म्हणजे कुणाच्याही गोड बोलण्यावर विश्वास ठेवू नये हे इतरांना सांगण्यासाठी बँक मला पगार देते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढची हकिगत वाचताना ते तुम्हाला वारंवार आठवेल आणि मला टोचेल, त्यापेक्षा सुरुवातीलाच टोचून झालेलं बरं.

घोषालबाबू दुसऱ्या दिवशी सकाळी दारात उभे. हातात स्टीलची ताटली, ताटलीत कच्च्या हळदीचा सोललेला तुकडा आणि शेजारी खजुराच्या गुळाचा खडा. त्यांचं हिंदी आणि माझं बंगाली सारखंच कच्चं असल्यामुळे आमचं छान जमतं. त्यांचं बोलणं इथे मी मराठीतच देतो.

"उपाशीपोटी, रोज," ते म्हणाले. "माझे वडील आयुष्यभर खात होते. नव्वदी उलटल्यावर गेले, तेही ट्राममधून पडून."

"अरेरे."

"अरेरे काय, चढत होते. चालत्या ट्राममध्ये. विचार करा गुडघे कसे असतील."

मी विचार केला आणि तुकडा तोंडात टाकला. माती, कापूर आणि शाळेतली कंपासपेटी यांचं मिश्रण केलं तर जी चव येईल ती आली. ताटली परत नेईपर्यंत घोषालबाबू माझ्या गुडघ्याकडे पाहत राहिले होते, जणू तो तिथल्या तिथे काही बोलेल.

घरात यावरून शैला नाराज झाली. शैला माझी बायको. लग्न झाल्यापासून ती मला हळदीचं दूध देऊ करत होती आणि मी त्याला आजीबाईचा बटवा म्हणून हसत होतो. "मी सांगितलं की बटवा, आणि समोरच्या दादांनी सांगितलं की सायन्स," एवढंच ती म्हणाली आणि रात्रीच्या जेवणानंतर दुधाचा पेला माझ्यासमोर आपटला. घरात शांतता राहावी म्हणून मी तोही घ्यायला लागलो. संसारात अशी औषधं बरीच घ्यावी लागतात.

यानंतर बँकेत एक आरोग्य शिबिर झालं. कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण पडद्यावर चित्रं दाखवत होता. हळदीतला अर्क काढून त्याच्या कॅप्सूल केल्या आहेत, त्यात काळ्या मिरीचाही अर्क घातला आहे, कारण नुसती हळद अंगाला लागत नाही, मिरी ती शोषून घ्यायला लावते. मला हे फार आवडलं. हळद म्हणजे मंजूर झालेलं कर्ज आणि मिरी म्हणजे वसुली अधिकारी, अशी माझ्या मनात मांडणी झाली. तरी जोखीम विभागाचा प्रमुख या नात्यानं मी हात वर करून विचारलं, "याचे दुष्परिणाम काय?"

"सर, इट इज नॅचरल," तो म्हणाला.

मी समाधानानं खाली बसलो. एखाद्या कर्जदारानं तारण म्हणून 'माझा धंदा नॅचरल आहे' असं सांगितलं असतं तर मी त्याला शिपायाकरवी बाहेर काढलं असतं. पण तरुणाच्या शर्टाला इस्त्री खरोखरच छान होती.

म्हणजे सकाळी घोषालबाबूंची कच्ची हळद, जेवणानंतर कॅप्सूल आणि रात्री शैलाचं दूध. बाटलीवर जेवढ्या लिहिल्या होत्या त्याच्या दुप्पट कॅप्सूल मी घ्यायचो, कारण बाटलीवरचा आकडा सर्वसाधारण माणसासाठी असतो अशी माझी समजूत होती. आमच्या महाराष्ट्र मंडळाचे चिटणीस चंद्रकांत पेठकर यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. ते गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात इंजिनियर आहेत आणि मूळ सांगलीचे. "वाळिंबे, तुम्ही बंगालची हळद खाता?" त्यांनी असा सूर लावला, की मी परधर्मात गेलो आहे असं वाटावं. आठवड्याभरात त्यांच्या भावाकडून सांगलीच्या हळकुंडांची पूड आली. ती कुठे घालायची हा प्रश्नच होता. ती मी शैलानं दिलेल्या दुधात वरून चमचाभर घालायला लागलो, शैला ओट्याकडे वळलेली असताना.

आणि गुडघा दुखायचा थांबला. खरोखर थांबला. याच सुमारास स्टेशनवरचा बंद पडलेला सरकता जिना दुरुस्त झाला होता, पण त्याचा आणि माझ्या गुडघ्याचा काही संबंध असेल असं मला वाटलं नाही.

बरा झालेला माणूस गप्प बसला तर जगात बरंच सुख राहील. मी गप्प बसलो नाही. बँकेत, मेट्रोत, मंडळाच्या हळदीकुंकवात (तिथे पुरुषांना बोलावत नाहीत, मी शैलाला सोडायला गेलो आणि दारातच बोललो), सगळीकडे मी हळद सांगितली. माझी बोटं पिवळी झाली, दोन पांढरे शर्ट कायमचे केशरी झाले, आमचं वॉश बेसिन कुठल्या तरी देवळातल्यासारखं दिसायला लागलं. आमची मुलगी आभा कॉलेजात आहे. ती इथेच वाढल्यामुळे तिच्या मराठीतलं लिंग केव्हाच गळून पडलंय. ती म्हणाली, "बाबा, तुझी कीबोर्ड पण पिवळा झाली आहे." मी तिला व्याकरण सुधारायला सांगितलं.

माझ्या सगळ्यांत निष्ठावान श्रोत्या रजनीताई भाटवडेकर. वय सत्तरीच्या पुढे, पूर्वी शाळेत गणित शिकवायच्या, आता रेल्वेत असलेल्या मुलाबरोबर गार्डन रीचच्या क्वार्टरमध्ये राहतात. त्यांचेही गुडघे दुखायचे. मी त्यांना कॅप्सूलची बाटली स्वतः नेऊन दिली. ती संपली असेल असा हिशेब करून दुसरी दिली, मग तिसरी. दर वेळी विचारायचो, "फरक वाटतोय ना?" आणि दर वेळी त्या मान हलवून म्हणायच्या, "वाटतोय की." असा श्रोता मिळाला की माणसाला दुसरं काय हवं असतं. चंद्रकांतनी माझं व्याख्यानच ठरवून टाकलं, 'हळद : आपला ठेवा'.

दरम्यान मला थकवा यायला लागला. जेवण नकोसं झालं, अंगाला खाज सुटली. घोषालबाबू म्हणाले, शरीरातलं विष बाहेर पडतंय. मी खूश झालो. माझ्यात इतकं विष आहे हे मला माहीत नव्हतं, पण बँकेत सांगितलं तेव्हा कुणालाच आश्चर्य वाटलं नाही. विष लवकर निघावं म्हणून मी हळकुंडाची पूड दीड चमचा केली.

अशात घोषालबाबूंच्या धाकट्या लेकीचं लग्न आलं. बंगाल्यांतही लग्नाला हळद लावतात. नवऱ्या मुलाच्या घरून उष्टी हळद येते आणि तिच्याबरोबर ताटांची रांग. त्यात एक भलामोठा रोहू मासा होता, त्याला चक्क छोटी साडी नेसवली होती आणि तोंडात विडा दिला होता. शंख वाजले, बायकांनी जीभ हलवून 'उलूलू' असा मंगल आवाज काढला. नवरीला हळद लावून झाल्यावर उरलेली आम्हा शेजाऱ्यांच्या गालांना लागली. मी खुर्चीवर बसून होतो, कारण उभं राहवत नव्हतं. घोषालबाबूंच्या मेव्हणीनं माझ्याकडे पाहून सगळ्यांना सांगितलं, "रंग बघा कसा उठलाय यांना. नवऱ्या मुलापेक्षा जास्त." लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढले. हळद खाणाऱ्याला हळद कशी चढते यावर मी चार शब्द बोललोसुद्धा.

घरी येऊन मी तोंड धुतलं. साबण लावून धुतलं. मग शैलानं बेसन लावून धुतलं. गाल चोळून चोळून दुखायला लागले, पण टॉवेलला काही लागत नव्हतं आणि चेहऱ्यावरचं काही जात नव्हतं.

"खाली बघा," शैला म्हणाली. "आता वर बघा. आभा, इकडे ये गं."

आभानं माझ्या डोळ्यांत मोबाइलचा दिवा मारला. या वेळी तिनं व्याकरणाची चूक केली नाही. "आई," ती म्हणाली, "बाबाचे डोळे पिवळे आहेत." तिच्या आवाजावरून मला कळलं की हे व्याख्यानात सांगण्यासारखं नाही.

डॉक्टर अजेय सान्याल अतिशय शांत गृहस्थ. शांत डॉक्टरांची मला भीती वाटते. त्यांनी विचारलं, "कुठली औषधं चालू आहेत?" मी म्हणालो, "एकही नाही." दारू? नाही. बाहेरचं पाणी? नाही. मला दाखल करून घेतलं. रक्ताचे रिपोर्ट आले, कावीळ बरीच वर गेली होती. कावीळ करणारे नेहमीचे विषाणू सापडले नाहीत. पित्ताचे खडेही नाहीत. प्रत्येक 'नाही' ऐकून मला बरं वाटायचं आणि डॉक्टर मात्र जास्तच शांत होत होते. शेवटी ते म्हणाले, "आता कुठे गाठ वगैरे नाही ना, हे बघायला एक स्कॅन करू."

स्कॅनच्या खोलीबाहेर मी आणि शैला बाकावर बसलो होतो. रुग्णालयाचा झगा घातलेल्या माणसाला प्रतिष्ठा अशी उरत नाही, त्याच्या पाठीला फक्त नाड्या असतात. 'गाठ' हा शब्द डोक्यातून जात नव्हता. मी आभाचा विचार करत होतो. पेन्शनचे कागद कुठल्या कपाटात आहेत हे शैलाला सांगावं का, आणि सांगितलं तर ती घाबरेल का, असं चाललं होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही डॉक्टरांना हळदीचं सांगितलंत ना?"

"त्यांनी औषधं विचारली होती. हळद कुठे औषध आहे?"

शैला माझ्याकडे बघत राहिली. "इतके महिने," ती म्हणाली, "तुम्ही सगळ्या जगाला तेवढंच सांगत होतात."

ती उठली, पर्समधून माझी बाटली काढली आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेली. मी मागून पाठीच्या नाड्या धरत गेलो. डॉक्टरांनी लेबल वाचलं, चष्मा काढून पुन्हा वाचलं.

"रोज किती घेता?"

"बाटलीवर लिहिल्यात तेवढ्या," मी म्हणालो.

"त्याच्या दुप्पट," शैला म्हणाली. "सकाळी कच्ची हळद वेगळी. आणि रात्री दुधातून."

"दूध तर तूच देत होतीस."

"चिमूटभर घालून. वरून चमचा तुम्ही घालत होतात. मला कळत नव्हतं असं वाटलं का?"

डॉक्टरांनी आमचं भांडण संपायची वाट पाहिली. मग समजावून सांगितलं. भाजीआमटीतली हळद वेगळी आणि हा असा अर्क वेगळा, त्यात मिरी घातली की अंगात जाणारं प्रमाण खूपच वाढतं, आणि काही लोकांच्या लिव्हरला ते मानवत नाही. कुणाला मानवणार नाही हे आधी सांगता येत नाही. "सगळं आजपासून बंद करा. स्कॅन तरीही करून घेऊ, पण मला वाटतं आपल्याला सापडलं." स्कॅन स्वच्छ आला. औषध बंद झाल्यावर कावीळ हळूहळू उतरायला लागली. जोखीम व्यवस्थापनाच्या प्रमुखाची केस त्यांनी कनिष्ठ डॉक्टरांना शिकवण्यासाठी दाखवली. माझा हुद्दा त्यांनी सांगायला नको होता.

खरी कसोटी पुढे होती, विम्याच्या खिडकीवर. तिथल्या मुलीच्या संगणकात 'आजाराचे कारण' या रकान्यात हळद नव्हती.

"सर, हे अन्न आहे की औषध?"

"औषध म्हणा."

"मग प्रिस्क्रिप्शन कुणाचं?"

मी घोषालबाबूंचं नाव घेणार होतो, पण ते निवृत्त पोस्टमास्तर आहेत. "कुणाचंच नाही."

"मग अन्न. अन्नातून विषबाधा." तिनं टाइप केलं आणि थांबली. "घरात किती जणांना झाली?"

"मला एकट्याला."

"स्वयंपाक कोण करतं?"

"मी," शैला म्हणाली.

मुलीनं शैलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग आवाज खाली आणून म्हणाली, "एकट्यालाच विषबाधा असेल तर सर, पोलिसांना कळवावं लागतं. तुम्हाला काही बोलायचंय का? मॅडमना बाहेर बसवू?" आमच्या संसारात शैला इतकी आनंदात मी क्वचित पाहिली आहे. शेवटी वरिष्ठांना विचारून 'इतर' या रकान्यात माझी सोय झाली.

घरी परतलो तर घोषालबाबू हजर. या वेळी हातात बारीक काड्यांची, दोऱ्यात ओवलेली माळ. ती गळ्यात घालायची, कावीळ उतरत जाते तशी माळ लांब होत जाते, असं ते म्हणाले. आणि मग बोट उगारून, "एक लक्षात ठेवा. कावीळ झालेल्या माणसाला हळद म्हणजे विष. भाजीतसुद्धा नाही."

"बाबू, मला हळद तुम्हीच खायला लावलीत."

"तेव्हा तुम्ही बरे होतात," ते म्हणाले. "बऱ्या माणसानं खायची. आजाऱ्यानं नाही. वाळिंबेबाबू, तुम्ही शिकलेले, एवढं तर कळायला हवं."

मी माळ घातली. भांडायला लिव्हर लागतं, आणि ते माझ्याकडे तेव्हा पुरतं नव्हतं.

चंद्रकांतना फोन करून व्याख्यान रद्द करायला सांगितलं. "कारण काय कळवू लोकांना?" त्यांनी विचारलं.

"प्रकृती बरी नाही म्हणा."

"अहो, विषयच प्रकृती आहे." मग मी त्यांना खरं सांगितलं. "तो बंगालचा तुकडा," ते म्हणाले. "मी म्हटलंच होतं."

फोन ठेवला आणि मला रजनीताई आठवल्या.

मी धडधाकट माणूस, माझी ही अवस्था. त्या सत्तरीच्या पुढच्या, काडीसारख्या, आणि मी त्यांना बाटलीमागून बाटली नेऊन दिलेली. वर दुप्पट घ्या असंही सांगितलेलं, हे आता स्पष्ट आठवत होतं. फोन लावला तर उचलला नाही. पुन्हा लावला, बंद. मुलगा रेल्वेच्या कामानं बाहेरगावी. "त्यांना काही झालं असेल तर?" मी म्हणालो. शैलानं मला विश्रांतीची आठवण करून दिली नाही. चपला घातल्या आणि टॅक्सी बोलावली.

डमडमहून गार्डन रीच म्हणजे शहराचं एक टोक सोडून दुसरं. मधे प्रत्येक चौकात आम्ही अडकलो. मी वाटेत वाक्यं जुळवत होतो. मंडळात मी ज्यांना हळद सांगितली ते सगळे एकेक डोळ्यांसमोर येत होते, आणि आज प्रथमच मला वाटत होतं, आपण थोडे कमी प्रभावी वक्ते असतो तर बरं झालं असतं.

दार रजनीताईंनीच उघडलं. चेहरा नेहमीसारखा, डोळे पांढरे स्वच्छ. माझ्या गळ्यातली काड्यांची माळ पाहून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"फोन का उचलला नाहीत?" मी विचारलं.

"बॅटरी संपून बंद पडला, चार्जिंगला लावलाय. बसा. हे काय झालंय तुम्हाला?"

मी बसलो नाही. त्यांना खिडकीशी उजेडात नेलं, माझी खालची पापणी ओढून डोळा दाखवला आणि सगळं सांगितलं, लिव्हर, स्कॅन, 'गाठ' हा शब्द, सगळं. "चूक माझी आहे, रजनीताई. त्या गोळ्या आजपासून बंद. उद्या रक्त तपासून घ्यायचं, मी स्वतः नेईन. आतापर्यंत किती घेतल्यात?"

"एकही नाही," रजनीताई म्हणाल्या.

त्यांनी कपाट उघडलं. पुस्तकांशेजारी बाटल्या ओळीनं उभ्या होत्या, झाकणावरचं सीलही तसंच. "मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले नको. तुम्ही बँकेतले, ते डॉक्टर. मग काय करणार."

माझा जीव भांड्यात पडला. खरंच पडला, मी समोरच्या खुर्चीत बसलो. पण तो पडताना माझ्यातलं आणखीही काहीतरी पडलं आणि ते फुटल्यासारखं वाटलं.

"पण मी दर वेळी विचारत होतो, फरक वाटतोय का. तुम्ही म्हणत होतात वाटतोय म्हणून."

"म्हणत होते."

"मग नाही घेत असं सरळ सांगायचं की."

रजनीताईंनी आतून चहा आणून कप माझ्या हातात दिला. "तसं सांगितलं असतं," त्या शांतपणे म्हणाल्या, "तर तुम्ही आणखी अर्धा तास बसला असतात."

शैला उठून खिडकीशी गेली आणि नदीवरचं जहाज बघू लागली. तिचे खांदे हलत होते. मी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला आणि लगेच उठलो.